अनिरुद्धचा पास आणि माझं अपील

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी माझा नवरा दुपारी दोन वाजताच घरी आला. मला त्या दिवशी सुट्टी होती. त्याने बूट काढले, डबा ओट्यावर ठेवला. डबा भरलेलाच होता. मग स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर बसून म्हणाला, "पास काढून घेतला."

अनिरुद्ध एसीचा टेक्निशियन आहे. अकोल्याच्या आयटीआयमध्ये शिकला आणि दोन हजार नऊ साली बहारीनला आला. इथे एका परदेशी आरमाराचा तळ आहे. सगळे त्याला नुसतं बेस म्हणतात. तिथल्या इमारती आणि शीतगोदामं थंड ठेवण्याचं कंत्राट ज्या कंपनीकडे होतं, तिच्यात तो अकरा वर्षं काम करत होता. बेसवर जायचं तर पास लागतो. पास देण्याआधी ते लोक माणसाची सगळी कुंडली तपासतात. या वर्षी कंत्राट नव्या कंपनीकडे गेलं. माणसं तीच राहिली, पण सगळ्यांची तपासणी पुन्हा झाली. बेचाळीस जणांना पास मिळाला. अनिरुद्धला मिळाला नाही.

"चूक झाली असेल," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणाचं नाव असेल."

त्याने खिशातून पत्र काढून दिलं. मी हात पुसले आणि वाचायला घेतलं. इंग्रजीतली दोन पानं. आर्थिक कारणांवरून पास नाकारण्यात येत आहे. बँकेचं थकलेलं कर्ज, कोर्टात केस, देश सोडायला बंदी. पुढे तारखा. बंदीची ओळ मी तीनदा वाचली.

"ट्रॅव्हल बॅन? कोणाला?"

"मला. आता नाही. फेब्रुवारीत उठला."

"लागला कधी?"

"एकवीसच्या जूनमध्ये."

त्या काळात मी आणि भावना, आमची मुलगी, दोनदा अकोल्याला जाऊन आलो होतो. अनिरुद्ध एकदाही आला नव्हता. सुट्टी मिळत नाही, म्हणायचा. बावीस साली सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात त्यांच्याजवळ मी होते. डोळ्यावर पट्टी घेऊन त्या मला विचारत होत्या, "अनि काहून नाही आला?" आणि मी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की त्याच्याशिवाय बेस चालत नाही.

"कशाचं कर्ज?" मी विचारलं.

"होता खर्च."

"कसला?"

"असाच. घरातलाच." एवढं बोलून तो आंघोळीला गेला.

पुढचे तीन दिवस आम्ही मीठ, किल्ली आणि भावनाची शाळा एवढ्यावरच बोललो. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगायला लाज वाटते. जुगार खेळत असेल. मोबाइलवर शेअर घेत असेल. कोणी बाई असेल. मी त्याचा फोन कधी बघत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. तो मी बघितला. त्यात कॉम्प्रेसरच्या नंबरप्लेटांचे नऊशे फोटो होते आणि भावनाच्या शाळेतल्या भाषणाचे तीन व्हिडिओ.

कंपनीने त्याला कामावरून काढलं नव्हतं. मआमीरच्या एका गोदामात पाठवलं होतं, कमी पगारावर. दिवसभर जुने खिडकीतले एसी उघडायचे, धुवायचे, पुन्हा बंद करायचे. संध्याकाळी तो करड्या धुळीने माखून घरी यायचा आणि आमच्या गुदैबियाच्या इमारतीचे तीन जिने असा चढायचा, की मला त्याचा थकवा घरात बसून ऐकू यायचा. राग होताच. पण चौथ्या दिवशी मी त्याच्या आंघोळीचं पाणी आधीच गार करून ठेवलं.

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की वीस दिवसांत अपील करता येईल.

"जाऊ दे," अनिरुद्ध म्हणाला. "खलास. दुसरीकडे काम बघू."

आता माझं काम काय आहे ते सांगायला हवं. मी मनामातल्या एका खासगी हॉस्पिटलात विम्याच्या विभागात आहे. पेशंटचा क्लेम विमा कंपनीने नाकारला, की तो कागद माझ्या टेबलावर येतो. का नाकारला ते मी वाचते. एकेका कारणाला एकेक उत्तर लिहिते, प्रत्येक उत्तराला कागद जोडते आणि परत पाठवते. दहातले सहा-सात क्लेम मंजूर होऊन येतात. नकाराचं पत्र बघून मला रडू येत नाही, पेन शोधावंसं वाटतं. आणि हा माणूस माझ्याच घरात बसून जाऊ दे म्हणत होता.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी टेबल पुसलं आणि लॅपटॉप उघडला. "बसा," मी म्हणाले. "कर्ज का काढलं? एका वाक्यात सांगा."

"लिही, वैयक्तिक खर्च."

"असं लिहिलं तर त्यांना वाटेल तुम्ही जुगारी आहात."

"वाटू दे."

भावना समोर पाव खात होती. चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. "पप्पा, दे विल थिंक यू आर अ गँगस्टर," ती म्हणाली. तो नुसता हसला.

"बरं, कारण राहू द्या," मी म्हणाले. "बँकेचे कागद आणा. तारखा तर लागतील."

तो उठला आणि हत्यारांच्या पेटीमागून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. एवढी वर्षं मी त्या कोपऱ्यात झाडू मारला होता. मी पहिला कागद काढला. कर्ज मंजूर झाल्याची तारीख होती चौदा ऑक्टोबर दोन हजार अठरा.

चौदा ऑक्टोबर आमच्या घरात कोणी विसरत नाही. तो धम्मदीक्षेचा दिवस. सकाळी आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत बसून वंदना म्हणतो आणि मी खीर करते. पण त्या वर्षीचा चौदा ऑक्टोबर मला आणखी एका गोष्टीसाठी आठवत होता.

मी बीएस्सी आहे. लग्नानंतर इथे आले, भावना झाली आणि आठ वर्षं मी घरातच होते. दवाखान्यांच्या विमा कामाचा एक मोठा कोर्स असतो, तो केला की इथे नोकरी मिळते, असं मला कळलं होतं. माहितीपत्रक आणलं, फी बघितली आणि ते खणात ठेवून दिलं. अनिरुद्धला दाखवलं होतं, एवढंच. त्या चौदा ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो घरी आला, खिरीची वाटी हातात घेतली आणि म्हणाला, "कंपनीत कुटुंबासाठी एक फंड आहे. तुझ्या कोर्सची फी मंजूर झाली." मी भावनाला उचलून गरागरा फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू केले. एक डबा भरून, सोबत इंग्रजीत आभाराची चिठ्ठी लिहून, त्याच्या मॅनेजरना, फारुख सरांना द्यायला पाठवला.

मी कागद टेबलावर ठेवला. विचारण्यासारखं पुष्कळ होतं. पण तोंडातून पहिलं आलं ते असं, "मग ते लाडू?"

"सरांना दिले," तो म्हणाला.

"काय सांगून?"

"दिवाळीचे आहेत म्हणून."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी माझ्याजवळच आहे."

ती त्याच पिशवीत होती, बँकेच्या नोटिसांच्या मध्ये. चार घड्या घातलेली.

भावनाला हसू आवरेना. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि संतापही येत होता. "सकाळी पंचशील घेतलं," मी म्हणाले, "खोटं बोलणार नाही म्हणालात. आणि संध्याकाळी खीर खाता खाता एवढी मोठी थाप! काहून लपवलं?"

मी अशी वऱ्हाडीवर उतरले, की तो ओळखतो आता गंमत नाही. "सांगितलं असतं तर तू कोर्स घेतला असता का?" त्याने विचारलं.

नसताच घेतला. ते आम्हा दोघांना माहीत होतं.

"आणि नंतर? नंतर तरी सांगायचं."

तो नखाने टेबलावरचा एक डाग खरवडत राहिला. मग सावकाश सगळं सांगितलं. कोर्स संपला, मला नोकरी लागली आणि महिन्याभरात कोविड आला. त्याचा पगार अर्ध्यावर आला आणि बरेच महिने तसाच राहिला. हप्ते थकले. ते भरायला कार्ड वापरलं, मग तेही थकलं. "तेव्हा तुझ्या पगारावर घर चाललं होतं," तो म्हणाला. "तू किती खूश असायचीस. रोज येऊन सांगायचीस, आज अमुक क्लेम पास करून घेतला, तमुक घेतला. त्यात मी कुठे सांगू, की तुझ्या फीपायी केस झाली आहे? तुला ती नोकरी गोड लागली नसती."

"म्हणजे मी मजेत होते आणि तुम्ही एकटे कोर्टात उभे होता."

"उभं नाही राहावं लागत. इथे ऑनलाइनच असतं."

मी उठून आत गेले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

खरा वाद त्यानंतर झाला. हे कारण लिहायचंच नाही, असं त्याने धरून ठेवलं. माझं नाव त्या लोकांच्या फाईलीत नको. बायकोच्या शिक्षणामुळे बुडालो, असं तो कुठल्याही कागदावर लिहिणार नाही. पास गेला तर गेला.

"तुम्ही बुडाला नाहीत," मी म्हणाले. "पै न पै फेडली आहे. आणि माझ्यामुळे झालं असं नाही लिहायचं, जे झालं ते लिहायचं. नाव माझं आहे. ते कुठे द्यायचं, ते मी ठरवीन."

भावना म्हणाली, "ममाज राइट."

"तू गप," तो म्हणाला. पण लॅपटॉप त्याने माझ्याकडे सरकवला.

पत्राचे चार मसुदे झाले. पहिला त्याने स्वतः लिहिला. त्यात पहिल्या परिच्छेदात तीनदा 'नम्र विनंती' आणि दोनदा 'आपल्या दयेवर' होतं. भावनाने ते सगळं खोडलं. "डोन्ट बेग, पप्पा. जस्ट टेल देम." मग मी माझ्या पद्धतीने लिहिलं. कर्ज का घेतलं, का थकलं, कधीपासून फेडायला लागला, कधी संपलं. कोर्सची पावती जोडली. अर्ध्या पगाराच्या स्लिपा जोडल्या. कर्ज पूर्ण फिटल्याचं बँकेचं पत्र आणि बंदी उठल्याचा कोर्टाचा कागद जोडला. फेडायला पैसे कुठून आले हे विचारल्यावर कळलं, की दोन वर्षं तो सुट्टीच्या दिवशी तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये, कंपनीची लेखी परवानगी काढून, फ्रिज दुरुस्त करत होता. मला सांगायचा की ओव्हरटाइम आहे.

"अजून काही?" मी विचारलं.

"नाही. एवढंच."

मग मी म्हणाले, आता आईंना सांगा.

त्याला ते पास जाण्यापेक्षा जड गेलं. तरी त्याने संध्याकाळी फोन लावला. "जय भीम, आई," म्हणाला. मग एका दमात सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे तुले येताच येत नव्हतं. मले वाटे, तुले यावंसंच वाटत नाही."

अनिरुद्धने फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिकडून त्या विचारत होत्या, "फिटलं न आता सारं? मंग कवा येते तो?"

आता राहिलं होतं एका वरिष्ठाचं शिफारसपत्र. फारुख सर निवृत्त होऊन मुहर्रकला घरीच असतात. शनिवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. उंच, पांढरी दाढी, चालताना काठी. त्यांनी कहवा दिला, खजूर पुढे केले. अनिरुद्धने अडखळत हकीकत सांगितली. लाडवांपर्यंत आल्यावर सर काठी आपटून हसायला लागले.

"म्हणजे ते आभाराचे होते?" ते म्हणाले. बोलणं हिंदीतच चाललं होतं, ते हिंदी आमच्यापेक्षा बरं बोलतात. "मी पुढची तीन वर्षं दिवाळीला वाट बघत होतो. वाटलं, माझ्यावर नाराज झाला हा."

मी ओशाळले. ते मात्र लगेच गंभीर झाले. "बेटा, तुझ्या नवऱ्याबद्दल एक सांगतो. एका ऑगस्टमध्ये याने एका मोठ्या युनिटमध्ये चुकीचा गॅस भरला. कॉम्प्रेसर जळाला. जुनं युनिट होतं, कोणालाच शंका आली नसती. हा स्वतः माझ्या ऑफिसात आला आणि म्हणाला, सर, मी जाळला. मी तेव्हा याला खूप ओरडलो. पण त्या दिवसापासून शीतगोदामांच्या चाव्या याच्याकडे दिल्या. तेच लिहितो." आणि तेच लिहिलं. आपल्या मुलीकडून टाइप करून घेतलं, सही केली आणि निघताना म्हणाले, "होईल, इंशाल्ला. लाडूंचं मात्र बघा."

अपील विसाव्या दिवसाच्या दोन दिवस आधी गेलं. नोव्हेंबरात मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत एका माणसाला आणता येईल, असं त्यात होतं. "फारुख सरांना न्यावं का?" अनिरुद्धने विचारलं. मी म्हणाले, "मी येते."

मुलाखत बेसच्या गेटबाहेरच्या एका ऑफिसात होती. समोर तिघं होते. दोन पुरुष आणि मधे एक बाई, पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले. त्याच मुख्य होत्या. आमचं पत्र त्यांनी नीट वाचलेलं दिसत होतं, कागदांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्या मोठ्याने बोलत नव्हत्या, घाईही करत नव्हत्या. पहिले प्रश्न सोपे होते. तारखा, पगार, हप्ते. अनिरुद्ध नीट उत्तरं देत होता. इंग्रजी मोडकं असलं तरी आकडे त्याचे चुकत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "कोर्टात केस झाली तेव्हा ही गोष्ट कोणाकोणाला माहीत होती?"

"कोणाला नाही."

"पत्नीला?"

"नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर अनिरुद्ध, कर्ज पुष्कळांना असतं. तुम्ही ते फेडलंत, याचं मला कौतुक आहे. माझी अडचण वेगळी आहे. जो माणूस एवढी मोठी गोष्ट तीन वर्षं बायकोपासून लपवतो, त्याला कोणीही पकडू शकतं. एवढं छोटं काम कर, नाहीतर घरी सांगेन. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?"

अनिरुद्ध खाली बघत होता. प्रश्न रास्त होता. माझ्याही मनात तोच येऊन गेला होता.

मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. "मी बोलू का?"

त्यांनी मान हलवली.

"मॅडम, तेव्हाचं मला सांगता येणार नाही. आताचं सांगते. आता याच्याबद्दल घरी सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. मला सगळं माहीत आहे. माझ्या मुलीला माहीत आहे, हे पत्र तिनेच तपासलं. भारतात माझ्या सासूबाईंना माहीत आहे. म्हणजे एव्हाना आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे. कोणी धमकी द्यायला घरी आला, तर मी त्याला चहा देईन आणि कर्जाचा खातेनंबरही सांगेन."

कडेचा एक माणूस हसला. बाईंच्या ओठाची कडही जराशी हलली. मला वाटलं, जिंकलं. मी खुर्चीत मागे टेकले.

"मॅडम," अनिरुद्ध म्हणाला, "एक गोष्ट राहिली आहे."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. त्याने पाय बाजूला घेतला.

"एकवीस साली एक भंगारवाला मला भेटला होता. जुनी युनिटं बेसमधून ट्रकने बाहेर जायची. त्यात तांब्याच्या दोन जास्तीच्या कॉइल टाक, एवढंच कर, म्हणाला. तुला पैशांची गरज आहे, मला माहीत आहे, असंही म्हणाला. मी नाही सांगितलं. पुन्हा तो भेटला नाही."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "तुम्ही हे वरिष्ठांना कळवलंत?"

"नाही. कळवायला हवं होतं. पण कळवलं असतं तर त्याला माझी गरज कशी माहीत, ते सांगावं लागलं असतं."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. मग त्यांनी मान वर केली. "हे तुम्ही आज का सांगता आहात? आम्हाला ते कधीच कळलं नसतं."

अनिरुद्धने माझ्याकडे बोट केलं. "ती आत्ता म्हणाली ना, की सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. ती खोटी पडत होती."

बाहेर आल्यावर मी पुढे पुढे चालत सुटले. तो मागून येत होता. ऊन कोवळं होतं, हवा छान सुटली होती, आणि माझ्या डोक्यात नुसती आग. एका वळणावर त्याने मला गाठलं.

"रागावलीस?"

"एवढं सगळं जमून आलं होतं! पाच मिनिटं तोंड बंद ठेवता आलं नसतं? आणि मी विचारलं होतं, अजून काही? तेव्हा नाही म्हणालात."

"तेव्हा आठवलं नाही. खरंच. कर्जाचंच चाललं होतं. तू तिथे बोलायला लागलीस तेव्हा आठवलं."

मी त्याच्याकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट, पायात भावनाने पॉलिश केलेले बूट, कपाळावर घाम. याने माझ्यासाठी एक खोटं सहा वर्षं ओढलं होतं आणि माझ्यासाठीच एक खरं याला पाच मिनिटंही पोटात ठेवता आलं नव्हतं. मला काय झालं कोण जाणे, मी रस्त्यातच त्याचा हात धरला. इथे आम्ही असं कधी करत नाही.

"भूक लागली आहे," तो म्हणाला.

गुदैबियात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हॉटेल आहे. तिथे त्याने तीन प्लेट पुरी-भाजी खाल्ली. सकाळपासून त्याच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं.

उत्तर यायला दोन महिने लागले. त्या काळात तो मआमीरला जात राहिला, मी माझे क्लेम लढवत राहिले. पास मिळणार नाही असं धरूनच आम्ही खर्च आखला. भावनाने स्वतः होऊन चित्रकलेची शिकवणी बंद करते म्हणून सांगितलं. अनिरुद्धने तिला चक्क रागावून पुन्हा पाठवलं. आमच्यात भांडणंही झाली. फ्रिजदुरुस्तीचे ते शुक्रवार आठवले, की मी मधेच चिडायची. सगळे शुक्रवार तो माझ्याशिवाय घालवून आला होता आणि मी त्या वेळी घरात त्याच्या कंपनीला शिव्या देत बसले होते. तो ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "पुढच्या वेळी आधी विचारीन." मी म्हणाले, "पुढची वेळ नाही."

जानेवारीत पत्र आलं, कंपनीच्या ऑफिसात. त्याने तिथून मला फोन केला, पण बोलता येईना. फोन दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात दिला. त्याच्यासोबत काम करणाऱ्या सलीलने मला वाचून दाखवलं. पास मंजूर. एक वर्षासाठी. दर तीन महिन्यांनी बँकेचं स्टेटमेंट दाखवायचं. भंगारवाल्याची गोष्ट वेळेवर न कळवल्याबद्दल लेखी ताकीद, ती फाईलला राहील. आणि खाली एक ओळ, की अर्जदाराने स्वतःहून दिलेल्या माहितीची नोंद घेण्यात आली आहे.

मी टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ बसले. मग नळावर तोंड धुऊन आले आणि समोरचा क्लेम उघडला.

मार्चमध्ये अनिरुद्ध आठ दिवस अकोल्याला जाऊन आला. आईच्या खाटेशेजारी बसून राहिला, बाकी कुठे गेला नाही. फारुख सरांकडे मी दोन डबे लाडू नेऊन दिले.

तो आता बेसवर परत आपल्या कामाला लागला आहे. पण त्याला एक नवीन सवय लागली आहे. तो सगळं सांगतो. आज चहा दोनदा घेतला. आज स्क्रू हरवला. आज सिग्नल पिवळा असताना गाडी काढली. मी पोळ्या करत असते, हं हं म्हणत असते.

परवा शुक्रवारी मी पातोडीची भाजी केली होती. वऱ्हाडात ती करतात तशी, झणझणीत, वर तेलाचा तवंग. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी त्याला ती करून घालते आहे. त्याने पहिला घास घेतला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "प्रिया, मला पातोडी आवडत नाही."

"आज बिघडली का?"

"नाही. कधीच आवडली नाही."

"मग एवढी वर्षं कशी खाल्ली?"

"तू इतक्या हौसेनं करायचीस."

भावना ताटातून मान वर न करता म्हणाली, "आय न्यू." म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी दोघांकडे बघितलं. भावना खाली जाऊन खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि डाळ घेऊन आली. त्या दोघांनी ते खाल्लं. पातोडी मी एकटीने संपवली. चांगली झाली होती.